डोक्याची चिवट खाज आणि खपल्या: पहिल्या आठ आठवड्यांची पद्धत

कोंड्याचा शाम्पू आणायचा, दोनदा लावायचा, बरं वाटलं की बाटली कपाटात ठेवायची आणि महिन्याभराने पुन्हा डोकं खाजवत बसायचं. मोठेपणी सुरू झालेली डोक्याची खाज वर्षानुवर्षं रेंगाळते ती बहुधा अशीच. औषध बऱ्याचदा बरोबर असतं. पण ते त्वचेपर्यंत पोहोचत नाही, पोहोचलं तर पुरेसा वेळ राहत नाही, आणि तेही जमलं तर आराम पडताच बंद होतं. म्हणून इथे औषधांच्या नावांपेक्षा ती वापरायच्या रीतीवर जास्त भर आहे. महागडा शाम्पू घाईघाईने लावण्यापेक्षा साधा औषधी शाम्पू घड्याळाकडे बघत लावलेला बरा.

हा आजार नेमका काय असतो

खाज, पिवळसर तेलकट खपल्या आणि त्यांच्याखाली लालसर त्वचा हे तिन्ही एकत्र दिसलं, की मोठ्या माणसांत कारण बहुतेक वेळा सेबोरिक डर्मटायटिस असतं. साधा कोंडा हे त्याचंच सौम्य रूप. त्यात पापुद्रे सुटतात, पण त्वचा लाल होत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट चट्टे दिसतात आणि ते सहज नजरेतून सुटतात.

मालासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये त्वचेच्या पापुद्र्यांत ती पाहिली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. ही यीस्ट त्वचेतल्या तेलकट स्रावावर जगते. तो पचवताना ओलिक आम्लासारखी स्निग्धाम्लं मागे उरतात. काहींच्या त्वचेला ती अजिबात सोसत नाहीत. मग त्वचा सुजते, तिचा वरचा थर घाईने आणि अर्धवट तयार होतो, आणि त्याच्या खपल्या सुटू लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि फणी-टॉवेलवरून दुसऱ्याला लागतही नाही. दोन, ही यीस्ट कायमची हुसकून लावता येत नाही. औषधाने ती कमी होते, औषध थांबलं की हळूहळू पुन्हा वाढते. म्हणून ‘एकदाचं मुळापासून बरं करा’ हा हट्ट सुरुवातीलाच सोडून दिलेला चांगला. रक्तदाबासारखंच इथेही आजार ताब्यात ठेवणं एवढंच आपल्या हाती असतं, पण ते खरोखर हाती असतं.

पायरी पहिली: दुसरं काही नाही ना, हे तपासा

इथे घाई केली तर पुढचे दोन महिने वाया जातात. उजेडात, दोन आरशांच्या मदतीने किंवा घरातल्या कुणाकडून भांग पाडून डोकं नीट बघून घ्या.

खपल्या जाड, कोरड्या, चंदेरी असतील, त्यांची कड रेखीव असेल आणि त्या केसांची सीमा ओलांडून कपाळावर किंवा मानेवर उतरल्या असतील, तर सोरायसिसचा संशय घ्या. मग कोपरं, गुडघे, कंबरेची मागची बाजू आणि नखंही बघा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील तर संशय बळावतो. काहींना दोन्ही आजारांचं मिश्रण असतं. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही.

केस मुळाशी तुटून गोल चट्टा पडला असेल, तर तो नायटा असू शकतो. तो मोठ्यांत कमी आढळतो, पण झाला तर शाम्पूने बरा होत नाही. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते आणि त्यासाठी काही आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात.

कानामागे आणि मानेच्या वर खाज जास्त असेल तर केसांना चिकटलेले पांढरे कण चिमटीत धरून ओढून बघा. कोंडा लगेच सुटतो, लीख केसाला घट्ट चिकटून राहते. ‘या वयात कसल्या उवा’ म्हणून ही शक्यता बाजूला ठेवू नका. उवांना वयाशी देणंघेणं नसतं.

केस रंगवल्यानंतर एक-दोन दिवसांत खाज सुटली आणि कानाच्या पाळ्या, मान, कपाळाची कड किंवा पापण्या सुजल्या, तर ती रंगाची अ‍ॅलर्जी. गडद रंगांतलं पॅरा-फेनिलीनडायअमाइन हे रसायन यातलं नेहमीचं कारण. अ‍ॅलर्जी एकदा झाली की साधारणपणे आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकते. तेव्हा ‘थोडासाच लावून बघू’ हा प्रयोग नको.

याउलट नाकाच्या कडा, भुवया, कानामागची घडी किंवा छातीच्या मध्यावरही तशाच खपल्या असतील, तर सेबोरिक डर्मटायटिसची खूणगाठ जवळपास पक्की.

पायरी दुसरी: दोन आठवडे बाकी सगळं बंद

जेल, मेण, स्प्रे, सुगंधी सीरम, डोक्याला लावायची ‘नैसर्गिक’ मिश्रणं, सगळं बाजूला ठेवा. एकाच वेळी पाच गोष्टी चालू असल्या, तर कशाने बरं वाटलं आणि कशाने चिघळलं हे कधीच कळत नाही.

सगळ्यात जास्त वाद तेलावरून होतो. मालासेझियाला साधारण ११ ते २४ कार्बनच्या साखळीची स्निग्धाम्लं लागतात आणि बहुतेक वनस्पती तेलांत नेमकी तीच भरलेली असतात. तेल लावल्यावर खपल्या मऊ होऊन चिकटून बसतात, डोकं दोन दिवस स्वच्छ दिसतं, आणि तोवर यीस्टची चंगळ झालेली असते. तेल लावायचंच असेल तर केसांच्या टोकांना लावा, त्वचेला नको. आणि रात्रभर तर नकोच.

व्हिनेगर किंवा तशा आंबट पदार्थांनी डोकं धुण्याचा सल्लाही हमखास मिळतो. खाजवून ओरखडे पडलेल्या त्वचेवर ते नुसतं झोंबत नाही, भाजूही शकतं.

पायरी तिसरी: जाड खपल्या आधी मऊ करा

खपली जाड असेल तर औषध तिच्यावरच थांबतं. नवख्यांची निम्मी फसगत इथेच होते. पातळ पापुद्रे असतील तर ही पायरी सोडून द्या.

लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध खनिज तेल, घ्या. ते यीस्टला खाता येत नाही. भांग पाडत कापसाच्या बोळ्याने फक्त खपल्यांवर लावा. एका वेळेला एक-दोन चमचे पुरतात. तासभर ठेवा, मग बोथट दातांच्या फणीने हलकेच फिरवा. सहज सुटेल तेवढीच खपली काढायची. ओढून काढलेल्या खपलीसोबत केस येतो आणि खाली ओली जखम राहते. त्यानंतर साध्या शाम्पूने दोनदा धुवा, कारण थोडं जरी खनिज तेल उरलं तरी औषधी शाम्पूचा फेस होत नाही. दुसरा पर्याय सुमारे ३ टक्के सॅलिसिलिक आम्लाच्या शाम्पूचा. तो खपलीचा चिकटपणा सैल करतो, पण त्वचा कोरडी पाडतो. जखमा असतील तिथे तो लावू नका.

तीन-चार वेळा असं केल्यावर खालची त्वचा उघडी पडते. मग ही पायरी थांबवा.

पायरी चौथी: औषधी शाम्पू, घड्याळ लावून

सुरुवातीला २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू घ्या. तो थेट यीस्टवर काम करतो आणि त्याचा अनुभव दीर्घ आहे. लावायची रीत अशी:

कोमट पाण्याने केस पूर्ण ओले करा. गरम पाण्याने खाज त्या क्षणी शमते आणि तासाभराने दुप्पट होते.

आधी साध्या, सौम्य शाम्पूने एकदा धुवा. धूळ, घाम, तेल निघून गेलं की औषधाला त्वचा मोकळी मिळते. ही एक धुणी वाचवायला गेलं की औषधी शाम्पू तेल काढण्यातच खर्ची पडतो.

मग औषधी शाम्पू: आखूड केसांना ५ ते १० मिलिलिटर, लांब दाट केसांना १० ते १५. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. सगळा एकदम डोक्याच्या मध्यावर ओतू नका. डोक्याचे मनाने चार भाग करा आणि प्रत्येक भागात थोडाथोडा घेऊन बोटांच्या पेरांनी त्वचेपर्यंत पोहोचवा. नखं लावायची नाहीत. कानामागचा भाग आणि मानेवरची केसांची कड हमखास राहून जाते, तिथून सुरुवात केलेली बरी.

आता ३ ते ५ मिनिटं थांबा. अंदाजाने थांबलेली पाच मिनिटं प्रत्यक्षात दीडच असतात, म्हणून मोबाइलवर गजर लावा. या वेळात तोच फेस भुवयांवर, दाढीत आणि नाकाच्या कडांना लावता येतो. डोळे मात्र घट्ट मिटलेले हवेत.

भरपूर पाण्याने धुवा. बोटांना बुळबुळीतपणा लागेनासा झाला की त्यानंतरही अर्धा मिनिट पाणी चालू ठेवा. कंडिशनर लावायचा तर केसांच्या लांबीला, मुळांना नाही. शेवटी मुळं नीट कोरडी करा. ओलं डोकं टोपीखाली किंवा हेल्मेटखाली झाकणं म्हणजे यीस्टला हवी तशी उबदार, दमट जागा करून देणं.

पहिले चार आठवडे हे आठवड्यातून दोनदा करा, दोन्हींच्या मध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवून, उदाहरणार्थ बुधवार आणि रविवार. मधल्या दिवशी डोकं धुवायचं तर साधा सौम्य शाम्पू. केस फार कुरळे आणि कोरडे असतील तर आठवड्यातून एकदाच औषधी शाम्पू वापरा, नाहीतर केस तुटायला लागतात.

पहिल्या आठवड्यात पापुद्रे वाढल्यासारखे वाटतील. सुटलेल्या खपल्या बाहेर पडत असतात, त्याने घाबरून जाऊ नका. खाज साधारण दुसऱ्या आठवड्यात उतरू लागते, लाली तिच्या मागून. दर रविवारी एकाच खिडकीपाशी, एकाच जागेचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

पायरी पाचवी: उपयोग झाला नाही तर घटक बदला

चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल, तर नुसती बाटली बदलून भागत नाही. वेगवेगळ्या नावांच्या तीन बाटल्यांत एकच औषध असू शकतं, आणि एकाच नावाच्या बाटलीत देश बदलला की घटक बदललेला असू शकतो. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑन या कोंड्याच्या शाम्पूंतल्या नेहमीच्या घटकावर बंदी आहे. इतर अनेक देशांत ते सर्रास मिळतं. तेव्हा मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा.

सेलेनियम सल्फाइड साधारण १ टक्क्याचं असेल तर बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळतं, २.५ टक्क्यांसाठी काही देशांत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ते यीस्टही कमी करतं आणि त्वचेची झपाट्याने होणारी वाढही मंदावतं. पण पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांवर डाग पडू शकतो. केस रंगवण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस ते टाळा, आणि अंगठ्या, कानातले काढून ठेवा, कारण धातू काळा पडतो. सायक्लोपिरॉक्स हा यीस्टवरचा आणखी एक चांगला पर्याय; केटोकोनाझोलने जळजळ होणाऱ्यांना तो अनेकदा मानवतो. कोल टारचा, म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या डांबराचा, वास उग्र असतो, फिकट केस आणि उशीचे अभ्रे डागाळतात, आणि त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून तो लावल्यावर डोकं झाकून बाहेर पडा. तरीही जाड खपल्या आणि खाज या जोडीवर तो जुना, भरवशाचा गडी आहे. प्रत्येकाला डोक्यावर ठेवायचा वेळ वेगळा असतो. बाटलीवरचा आकडा पाळा.

गोळ्यांचा मोह आवरा. केटोकोनाझोलचा शाम्पू त्वचेतून रक्तात जवळजवळ उतरत नाही, पण त्याच्याच गोळ्यांनी यकृताला गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने बुरशीच्या आजारांसाठी त्या बाजारातून थांबवण्याची शिफारस केली आणि अमेरिकेत त्यांच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. डोक्याच्या खाजेसाठी त्या घ्यायच्या नाहीत.

खाज असह्य असेल तेव्हा: स्टेरॉइड, जपून

शाम्पूचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि तोवर झोप उडालेली असते. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइडचं पातळ द्रावण किंवा लोशन देतात. केसांत मलम लावू नका. ते केसांनाच चिकटतं. भांग पाडा, बाटलीचं टोक त्वचेजवळ नेऊन एकेका रेषेवर दोन-तीन थेंब टाका, बोटाने टेकवा, पुढचा भांग पाडा. सहसा दिवसातून एकदा, एक ते दोन आठवडे, एवढंच.

गडबड होते ती अशी. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, मग शाम्पू मागे पडतो आणि हीच बाटली सहा महिने चालते. यीस्ट तिथेच असते, फक्त सूज दबलेली असते. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि बाटली संपली की आजार उसळून वर येतो. बरेच दिवस वापरलं असेल तर एकाएकी तोडू नका. यीस्टवरचा शाम्पू चालू ठेवून दोन-तीन आठवड्यांत दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं उतरवा. डोक्याचं तीव्र स्टेरॉइड चेहऱ्याला लावायचं नाही. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मिश्र मलमं स्वतःहून आणून लावणं हा तर त्रास ओढवून घेण्याचाच प्रकार. त्याने नायट्यासारखा आजारही ओळखू येईनासा होतो.

आजार वारंवार उलटत असेल तर स्टेरॉइड नसलेले पर्यायही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोफ्लुमिलास्ट या सूज उतरवणाऱ्या औषधाच्या ०.३ टक्के फेसाला याच आजारासाठी, नऊ वर्षं आणि त्यावरील वयाकरता, मान्यता दिली. तो दिवसातून एकदा लावायचा असतो. उपलब्धता डॉक्टरांना विचारावी.

हात आवरणं

खाजवल्याने त्वचेला इजा होते, इजेने खाज वाढते, आणि एकाच जागी महिनोन्‌महिने खाजवलं की ती जागा जाड, खरबरीत होते. मग मूळ आजार शमला तरी ती जागा एकटीच खाजत राहते. नखं आखूड कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. खाज आली की नखाऐवजी तळहाताने दाबून धरा, किंवा गार पाण्यात पिळलेलं कापड पाच मिनिटं ठेवा. रात्री झोपेत हात जात असेल तर पातळ सुती हातमोजे घाला. दिसायला विचित्र, पण सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके नसतात.

केस गळतात म्हणून धास्ती घेणारे पुष्कळ असतात. सूज आणि खाजवणं यामुळे गळलेले केस सहसा परत येतात. टक्कल पडलेली जागा गुळगुळीत, चकचकीत असेल आणि केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर मात्र तो वेगळा, केसांची मुळं कायमची नष्ट करणारा आजार असू शकतो. त्यात एक महिनाही थांबू नका.

पायरी सहावी: आराम पडल्यावर

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. डोकं स्वच्छ झालं म्हणजे शाम्पू बंद करायचा नाही, अंतर वाढवायचं. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा. आठव्या आठवड्यापर्यंत शांत राहिलं तर दोन आठवड्यांतून एकदा, आणि तेच पुढे चालू. ज्या अंतरावर खाज डोकं वर काढते, त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. प्रत्येकाचं हे अंतर वेगळं निघतं.

थंड, कोरडी हवा, जागरणं, मानसिक ताण, आजारपण यांत आजार उसळतो. थंडी सुरू होण्याआधी दोन आठवडे अंतर कमी केलं तर उसळी बऱ्याचदा टळते. आलीच, तर पुन्हा आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नव्याने सगळं शोधत बसू नका.

डॉक्टरांकडे कधी, आणि कसं जायचं

पिवळ्या पपड्या, पू, ओल, दुखरी सूज, मानेत किंवा कानामागे गाठी, ताप, यांपैकी काही असेल तर वाट बघू नका, जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दोन वेगळे घटक चार-चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल तरीही जा. आधी कधी नसलेला त्रास एकाएकी, फार जोरात आणि चेहरा-छातीपर्यंत पसरला असेल तर एचआयव्हीची तपासणी सुचवली जाऊ शकते. त्यात अपमान वाटून घेऊ नये: प्रतिकारशक्ती घटली की हा आजार उग्र होतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पार्किन्सन असणाऱ्यांतही तो जास्त आढळतो. गर्भारपणात किंवा बाळाला पाजत असताना कुठलाही औषधी शाम्पू सुरू करण्याआधी विचारून घ्या.

जाताना सगळ्या बाटल्या, निदान त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो, आणि रविवारचे फोटो सोबत न्या. कोणता घटक किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा वापरला, हे कागदावर लिहून ठेवा. ‘सगळं करून बघितलं’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बुरशीची तपासणी करायची असेल तर आधी किती दिवस औषधी शाम्पू बंद ठेवायचा ते वेळ ठरवतानाच विचारा, कारण बुरशीनाशक चालू असलं की नायटा असूनही नमुना कोरा येऊ शकतो. भेटीच्या दिवशी सकाळी तर डोकं धुऊच नका. खपल्या वाहून गेल्या की डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.